वन्सं, ते पिवळं चिन्ह

वन्सं, आमच्याकडचा मॉडेम पुरातच गेला. तो वरच्या खोलीत नेऊन ठेवला, वाचला, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. तुम्ही असेपर्यंत हे एवढंसं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही आणि आता ऐकायला कुणी नाही तर बघा कसं सरळ बाहेर पडलं. मी अशीच आहे. भांडताना माझी जीभ कधी अडखळली नाही, पण कबुली द्यायची म्हटलं की मी दुसराच विषय काढते.

तुमच्या बाराव्याचं जेवून परवा मी सांगलीला परत आले. तिथं सगळे तुमच्याबद्दल बोलत होते. कुणी तुमच्या हातच्या कारळ्याच्या चटणीचं नाव काढलं, कुणी दाजींच्या मागं तुम्ही घर कसं सावरलंत ते सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, 'तुमी बोला की दोन शब्द, तुमी तर भावजय.' मी पदर तोंडाला लावला आणि नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, बाईला रडू आवरत नाही. खरं म्हणजे मला मॉडेमबद्दल बोलायचं होतं, आणि बाराव्याच्या मांडवात मॉडेमबद्दल काय बोलणार?

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही कोरेगावच्या बाजूला नांदायला गेलेल्या होतात. सांगलीच्या पेठेत वाढलेली पोरगी, पण तिकडं गेल्यावर तुमची भाषा अशी बदलली की माहेरी आलात की आत्याबाई, म्हणजे तुमच्या आई आणि माझ्या सासूबाई, कपाळाला हात लावायच्या. 'हाय आणि न्हाई बोलायला तुला शाळेत घातलं होतं का,' म्हणायच्या. तुम्ही हसून म्हणायच्या, 'जितं नांदायचं तितलं बोलायचं, आई.' नणंद कशी असते हे माझ्या आईनं मला पुरेपूर शिकवून पाठवलं होतं, त्यामुळं सुरुवातीला मी तुमच्यापुढं जपूनच वागले. तुम्ही पाणी मागितलंत तरी मला त्यात काहीतरी खोच शोधायची सवय लागली होती.

मग पेढीची नोकरी आली. मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर बिलं करायला माणूस हवा होता. मी लग्नाआधी तेवढं शिकलेले होते. आत्याबाईंनी साफ नाही म्हटलं. तुमचे भाऊ, नेहमीसारखे, आईकडं बघून एक बोलत आणि माझ्याकडं बघून दुसरं. त्या वर्षी नागपंचमीला तुम्ही आलात, पुरणाची दिंडं वाफवायला ठेवलीत आणि तिथंच बसल्या बसल्या म्हणालात, 'आई, जाऊ दे तिला. मला कुनी जाऊ दिलं न्हाई, निदान हिला तरी आडवू नगा.' सण उरकला आणि मी पेढीवर जायला लागले. तुमचे आभार मी मानले नाहीत. तुम्हाला ते आवडलं नसतं असं मी स्वतःला सांगत आले, पण खरं तर मला ती सवयच नाही.

दाजी फौजेतल्या सिग्नलमधून, म्हणजे वायरलेसच्या खात्यातून निवृत्त झालेले, यंत्र दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. तुमचा प्रशांत कॉलेजात गेला तसा त्यांनी घरात कॉम्प्युटर आणला. पेढीनं आपला जुना काढला तो मी आमच्याकडं आणला होता. मग दाजींनी पुण्याहून एकाच जातीचे दोन मॉडेम आणले आणि दोन्ही घरी स्वतः बसवून दिले. आजच्या पोरांना सांगावं लागेल, मॉडेम म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं एक कार्ड. त्याला टेलिफोनची तार जोडली की एक कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन लावायचा, आणि इकडं टाईप केलेलं तिकडच्या पडद्यावर उमटायचं. मधे इंटरनेटही लागायचं नाही. मामीनं सांगलीतून भाच्याचा अभ्यास घ्यावा, असा दाजींचा बेत होता. भाचा क्रिकेट खेळत राहिला आणि त्याच्या खुर्चीत तुम्ही येऊन बसलात.

आमच्याकडं टेलिफोन पुढच्या सोप्यात, आत्याबाईंच्या कॉटच्या उशाला. त्यावर जे बोलायचं ते त्यांना ऐकवूनच बोलायचं. तुमच्याकडंही तीच तऱ्हा, तुमच्या सासूबाईंचे कान तर आणखी तिखट. पण टाईप केलेलं कुणाला ऐकू जात नाही, हे पहिल्यांदा तुमच्या ध्यानात आलं. दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला की तुम्ही दोनदा वाजवून फोन ठेवायच्या. मग मी खिडकीतून आत ओढलेली तार मॉडेमला जोडून वाट बघत बसायचे. तो कर्कश ओरडायचा. एकदा आत्याबाई झोपेतून उठून म्हणाल्या, 'मांजर कुठं अडकलंय का बघ गं.' मी म्हटलं, बघते. आणि आत येऊन तुम्हाला टाईप केलं की तुमच्या आई तुम्हाला मांजर म्हणाल्या.

तुमच्या आईच्या तक्रारी मी तुमच्याकडंच करायचे. दुसरी नणंद असती तर घर पेटलं असतं. तुम्ही सगळं वाचायच्या आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या, एक अक्षर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. मला भारी घाई. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उत्तर लिहून मोकळी. एका दुपारी मात्र मी हात मांडीवर ठेवून बसले. तुम्ही लिहीत होतात की दाजी पितात, आणि प्यायल्यावर हात उगारतात. प्रत्येक अक्षर सावकाश येत होतं. शेवटी लिहिलंत, भाऊला सांगू नको. मी लिहिलं, नाही सांगणार. पुढच्या पंचमीला तुम्ही समोर बसून दिंडं भरत होतात, मी ती चाळणीत रचत होते, आणि त्या विषयावर आपण दोघी अवाक्षर बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती, तुम्ही सांगितलं होतं आणि मला माहीत होतं. आयुष्यात कुणाशी इतकं जवळचं नातं मला पुन्हा जमलं नाही, वन्सं. नवऱ्याशीही नाही.

मग मोबाईल आले आणि मॉडेम पडून राहिले. आत्याबाई गेल्या, दाजी गेले, नंतर तुमचे भाऊही गेले. माझा मुलगा पुण्यात स्थायिक झाला. नदीकाठच्या त्या घरात मी एकटी उरले.

पुराचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा गल्लीतल्या लोकांनी विचारलं, मावशी, वर काय काय न्यायचं? मी टीव्ही दाखवला, फ्रिज दाखवला, गाद्या, धान्याचे डबे, आत्याबाईंचा फोटो. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला कुणीतरी हात घातला तर मीच म्हटलं, तो राहू दे. पाणी उतरल्यावर त्याच्या डब्यातून गाळ निघाला. मॉडेमसकट डबा भंगारात गेला. टेलिफोनची लाईन मेलेली होती, तीही मी परत करून टाकली. तुमचा फोन आला, माणसं धड आहेत का विचारलंत, भिंती विचारल्यात, आणि मग विचारलंत, 'आणि आपला मॉडेम गं?'

आपला म्हणालात. त्या शब्दाला मी भ्याले आणि म्हटलं, 'वाचला की. वर नेला होता.' मला वाटलं, कशाला बाईला उगाच वाईट वाटायला लावा. वेळ मारून नेली. तुम्हाला तो पुन्हा कधी लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात तुमचा तो फोन आला. तुमच्याकडचा कॉम्प्युटर बंद पडला होता, साताऱ्यातल्या दुकानदारानं सगळं पुसून नव्यानं भरून दिलं होतं, आणि त्यात मॉडेमचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, गेला होता.

'आगं, त्याच्या नावाम्होरं पिवळं चिन्ह आलंय,' तुम्ही म्हणालात. 'ते कसं घालवायचं?'

'वन्सं, मॉडेम आता कोण वापरतं? मोबाईलवर बोलतोय की आपण.'

'मोबाईल हितं समद्यास्नी ऐकू जातो. मला तुला टाईप करून सांगायचंय.'

'काय सांगायचंय?'

'त्येच तर टाईप करून सांगायचंय.'

मागं टीव्ही चालू होता, नातवंडांचा दंगा चालू होता, प्रशांत शिरवळच्या कंपनीतून येऊन कुणावर तरी ओरडत होता. तुमचे कान गेल्यापासून मोबाईल स्पीकरवर ठेवल्याशिवाय तुम्हाला ऐकू यायचं नाही. त्या घरात तुम्हाला एकटीला बसून बोलायला जागा उरली नव्हती. तुमची कॉटसुद्धा पोरांच्या अभ्यासासाठी पडवीत आली होती, हे तुमची सून शीतल हिनंच मला मागं सांगितलं होतं. प्रशांत वाईट नाही. शीतल तर मुळीच नाही. पण भरल्या घरात म्हातारं माणूस कुठंही बसलं तरी वाटेतच बसतं.

तुम्हाला काय सांगायचं होतं, ते मला त्याच दिवशी कळलं होतं, वन्सं. हेच मला आज लिहायचंय. त्याआधीच्या फोनवर तुम्ही दोनदा विचारलं होतंत, 'वरली खोली रिकामीच आसती का गं?' एकदा म्हणालात, नदीवर जाऊन बसावं वाटतं. तुम्हाला माहेरी यायचं होतं. चार दिवसांसाठी नाही, राहायला.

आपल्याकडं माहेरवाशीण आपल्या मनानं येत नाही. तिला बोलावणं लागतं, न्यायला मुराळी लागतो. तुमचे भाऊ दर पंचमीला एसटीनं तुम्हाला आणायला यायचे. मी तुमची चेष्टा करायचे, 'आता कसलं बोलावणं, बसमध्ये बसायचं आणि यायचं.' तुम्ही कधी ऐकलं नाही. म्हणायच्या, 'भाऊ हाय तवर भावाचं घर. त्येच्यामागं भावजय या म्हणंल तवा माहेर.' भाऊ गेल्यावर मी तुम्हाला फोनवर दर वेळी म्हणायचे, 'या की एकदा.' तुम्ही हसायच्या. त्यावरूनही आपला वाद झाला होता. तुमचं म्हणणं, 'या की' म्हणजे नका येऊ. बोलावणाऱ्या माणसानं वार सांगावा लागतो. मी म्हटलं, तुम्ही फार कीस काढता. पण वार काही मी सांगितला नाही.

का नाही सांगितला? माझं घर आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एकटीचं झालं होतं. सकाळी उठून कुणाला चहा द्यायचा नाही, जेवायला बसले तर बसले, नाहीतर दूधपोळी खाऊन पडले. टीव्हीचा आवाज माझा, खिडक्या उघडायची वेळ माझी. आत्याबाई असेपर्यंत मी त्या घरात श्वासही विचारून घेतला. तुमच्यावर माझा जीव होता, पण तुम्ही आलात तर पुन्हा घरात एक वडीलधारं माणूस आलं, पुन्हा दोन वेळचा स्वयंपाक आला, औषधं आली, आणि प्रशांतनं आईला मामीकडं का टाकलं, म्हणून गावाची तोंडं आली. मला ते नको होतं. तुम्ही ताकाला येऊन भांडं लपवत होतात, ते मला दिसत होतं, आणि मी घरात ताकच नाही असं दाखवत होते.

म्हणून तुमचं ते पिवळं चिन्ह मला देवासारखं भेटलं. ते जोवर होतं तोवर तुम्हाला विचारता येणार नव्हतं आणि मला उत्तर द्यावं लागणार नव्हतं. मी तुम्हाला कामाला लावलं. ड्रायव्हर काढून टाका, मशीन बंद करून चालू करा. नाही झालं? मग कार्ड काढून ब्रशनं साफ करा, परत दाबून बसवा. पोर्ट बदलून बघा. तुम्ही सगळं केलंत. चष्मा पुसत, मोबाईल स्पीकरवर ठेवून, माऊस कुठं गेला म्हणत. मला विचारलंत, 'त्या मॉडेमबरोबर चकती आली हुती, ती हाय का तुज्याकडं?' दाजींनी दोन्ही मॉडेमबरोबर आलेल्या सीडी माझ्याकडंच ठेवायला दिल्या होत्या, तुमच्याकडं पोरं खराब करतील म्हणून. त्या वरच्या खोलीतल्या कपाटात, मुलाच्या सर्टिफिकेटांच्या डब्यात, सुखरूप होत्या. मी म्हटलं, 'नाही हो वन्सं, पुरात गेल्या.' जे गेलं ते वाचलं म्हणून सांगितलं आणि जे वाचलं ते गेलं म्हणून.

एकदा मी चिडलेही तुमच्यावर. वर पुन्हा मीच चिडले. पेढीवर दिवाळीआधीच्या हिशेबांची गडबड होती, तुम्ही तिसऱ्यांदा तेच विचारत होतात. मी म्हटलं, 'वन्सं, टाका तो डबा भंगारात. कशाला जिवाला घोर लावून घेताय?' तुम्ही म्हणालात, 'तुजा चालू हाय न्हवं? मग माजाच का टाकू?'

मी म्हटलं, 'बरं, कार्डावरच्या मोठ्या चिपवर बारीक नंबर असतो, तो कागदावर उतरवून ठेवा. मग बघू.' त्या नंबराचं मी काही करणार नव्हते. तुमचे चार दिवस त्यात जावेत, एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी तुम्ही शीतलला बॅटरी धरायला लावून, भिंग लावून, तो सगळा नंबर मला फोनवर वाचून दाखवलात. मी पेढीवर बिलं मारत नुसतं हं, हं म्हणत होते. लिहूनसुद्धा घेतला नाही.

त्यानंतरही तुमचे फोन येत राहिले. 'न्हाई गं, अजून पिवळंच हाय,' म्हणायच्या आणि मग दुसऱ्याच गोष्टी काढायच्या. हळदीला यंदा भाव काय, नदीचं पाणी कुठवर आहे, मी रात्री नीट जेवते का. मी पूर्वीसारखं घाईनं फोन ठेवत नव्हते, कारण एक गोष्ट मला बरी वाटत होती. टाईप करून काही सांगायचंय, असं तुम्ही म्हणायचं बंद केलं होतं. मला वाटलं, विसरल्या. मला वाटलं, सुटले.

संक्रांत झाली आणि एका सकाळी शीतलचा फोन आला. तुम्ही अंघोळीला पाणी काढता काढता बसलात, त्या पुन्हा उठलाच नाहीत. रडत रडत ती म्हणाली, 'मामी, माहेरचं लुगडं तुमालाच आणाय लागतंय. दुसरं कोण हाय?' दुकानं उघडायची होती. कपाटात एक कोरं लुगडं होतं, पंचमीला तुम्हाला द्यायला घेतलेलं, आणि बोलावणंच न केल्यामुळं तसंच राहिलेलं. ते घेऊन मी एसटीत बसले. कऱ्हाड येईपर्यंत मी रडले नाही. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता, की आता तुम्ही कधीच विचारणार नाही. आणि त्यात कुठंतरी हायसं वाटत होतं, वन्सं. ते लुगडं मांडीवर ठेवून मला हायसं वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलं नसतं, तुम्हालाच सांगते आहे.

लुगडं अंगावर घातलं तेव्हा तिथल्या बायका म्हणाल्या, बघा, माहेर कसं धावत आलं.

बाराव्याला पंगती उठल्यावर मी पडवीत तुमच्या कॉटवर टेकले होते. शेजारीच टेबलावर तुमचा कॉम्प्युटर, त्यावर तुम्ही विणलेलं झाकण. शीतल पाणी घेऊन आली. माझं लक्ष तिकडं आहे बघून म्हणाली, 'मामी, ह्याचा फोन आता चालू ठेवायचा का बंद करू? टेलिफोनचं बिल उगंच येतंय. आईंच्यासाठी ठेवला हुता.'

मी म्हटलं, 'तसाही त्याचा मॉडेम कुठं चालत होता?'

'चालतोय की. दिवाळीच्या आदीच झाला. तुमीच न्हवता का नंबर उतरवाय सांगितला? त्यो मी आमच्या पतसंस्थेतल्या कॉम्प्युटरवर शोधला, ड्रायव्हर मिळाला, पेन ड्राइव्हवर आणला. लगेच बसला.'

मी पाण्याचा पेला तसाच कॉटवर ठेवला.

'मग आईंनी तुमचा सांगलीचा जुना नंबर लावला,' ती म्हणाली. 'आतनं बाई बोलाय लागली. आईंना काय नीट ऐकू आलं न्हाई, मला म्हणाल्या, काय म्हंती गं ती? मी म्हटलं, ह्यो नंबर आता अस्तित्वात न्हाई म्हंती. परत एकदा लावाय लावला. परत त्येच.'

'काय म्हणाल्या?'

'काय न्हाई. कॉम्प्युटर बंद केला. मग मला म्हणाल्या, तिला सांगू नगंस हं. ओशाळंल ती.'

तिनं कॉम्प्युटर चालू करून दाखवला. मी कॉम्प्युटरच्या भागांची यादी उघडली. मॉडेमचं नाव होतं आणि त्यापुढं काही नव्हतं, साफ होतं.

मी शीतलला विचारलं, 'मग त्यानंतर मला ड्रायव्हरचं विचारायला फोन का करायच्या?'

ती जरा अवघडली. म्हणाली, 'मी पण इचारलं हुतं. तर म्हणाल्या, घरात एकटी आसती ती. माज्याशी बोलाय तिला कायतरी निमित्त पायजे.'

वन्सं, दिवाळीपासून तुम्हाला माहीत होतं. माझ्याकडं मॉडेम नाही, लाईन नाही, आणि मी तुम्हाला पावसाळाभर नुसती पळवत होते. तुम्हाला हेही कळलं असणार की मी का पळवत होते. तुम्ही माझ्याइतक्या घाईच्या नव्हतात, एकेक अक्षर शोधून वाक्य लावणाऱ्या होतात. तुम्ही मला एका शब्दानं पकडू शकला असता. त्याऐवजी तुम्ही माझ्या खोट्याला तुमचं खोटं जोडलंत, अजून पिवळंच हाय म्हणालात, आणि माझं जेवण विचारलंत.

सांगलीला आल्यापासून मी स्वतःची समजूत घालून बघितली. की तुम्ही विचारलं असतं तर मी या म्हटलंच असतं. लाजेकाजेस्तव का होईना, म्हटलं असतं. पण तुमच्याशी आता आणखी खोटं कशाला बोलू? मी म्हटलं असतं, प्रशांतला काय वाटेल वन्सं, जरा दिवाळी होऊ दे, उन्हाळा जाऊ दे. तुम्हाला ते ऐकावं लागलं असतं आणि मला बोलावं लागलं असतं, आणि नंतर आपण दोघी कधी एकमेकींकडं धड बघू शकलो नसतो. म्हणून तुम्ही विचारलंच नाही. मला वाटत होतं मी वेळ मारून नेतेय. तुम्ही मला सांभाळत होतात.

लोक तुमच्या चटणीचं आणि कष्टाचं बोलले ते खरंच आहे. पण तुम्ही शेवटी काय केलंत, ते त्यातल्या कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे आणि मी ते मांडवात बोलले नाही.

काल मी वरची खोली उघडली. तिथल्या खिडकीतून नदी दिसते, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. त्याच खोलीत तुमचा जन्म झाला, आत्याबाई मला कितीदा सांगायच्या. मी या घरात अक्षता पडल्यावर आले, परकी म्हणून आले, आणि पहिल्यांदा मला आपलं म्हणणाऱ्या तुम्हीच. घर तुमचं होतं, वन्सं. तिथं यायला तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत राहिलात, आणि मी तुम्हाला वार सांगितला नाही.